दुमिंगदादांचा धक्का

“...तर मग मी जाऊ का, फादर?”

गास्पार फादरांनी मान वर केली नाही. आश्रमाच्या पडवीत मांडी घालून ते मोड आलेले वाल सोलत होते. बोटाच्या एका चिमटीत साल एकीकडे, दाणा दुसरीकडे.

“कुठे?”

“कुठेही. इथे राहायची माझी लायकी उरली नाही.”

“लायकी असलेला एक तरी माणूस मला इथे दाखव. त्याला विचारतो आणि तुला सांगतो.”

खांद्यावरची पिशवी अंतोनने खाली ठेवली नाही, पण तो पायरीही उतरला नाही.

वसईकडच्या एका डोंगराच्या कुशीत हा आश्रम. एक छोटं प्रार्थनामंदिर, चार खोल्या, मागे विहीर. गास्पार फादर खूप वर्षांपूर्वी एकटेच इथे येऊन राहिले. मग एकेक करून आणखी माणसं आली. सगळ्यांत आधी आले ते दुमिंगदादा. ते पाद्री नव्हते, शिकलेलेही फारसे नव्हते. स्वयंपाक करायचे, घंटा वाजवायचे, आणि कोणी काही बोललं की हसायचे.

सगळ्यांत शेवटी आला अंतोन.

अंतोन शीतपेयांच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. साखर किती, आंबट किती, बाटलीत गॅस किती कोंडायचा, हे ठरवणं त्याचं काम. ते सगळं सोडून तो देवाच्या शोधात डोंगर चढून वर आला. नोकरी सोडली, घर सोडलं, पण आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं ही एक गोष्ट मात्र तो बरोबर घेऊन आला. ती त्याला जड वाटत नव्हती, म्हणून ती खाली ठेवायचं त्याच्या कधी मनात आलं नाही.

आश्रमाचा वर्धापनदिन नाताळच्या महिनाभर आधी यायचा. त्या दिवशी खालच्या वाड्यांतली माणसं वर यायची, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दुमिंगदादा आपल्या हातची जिंजर बिअर द्यायचे. नावाला बिअर. आलं, साखर, लिंबू आणि पाणी, चार दिवस मुरवून फसफसवलेलं. दादा ती जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरत. येता-जाता बाटली दाबून बघत. कडक लागली की झाकण हळूच सैल करत, वारा जाऊ देत, पुन्हा लावत. कधी फेस यायचा, बहुधा नाहीच यायचा.

“दादा, ही बिअर नाही, खोकल्याचा काढा आहे,” अंतोन पहिल्याच वर्षी म्हणाला होता.

सगळे हसले. दादाही हसले.

यंदा अंतोनने ते काम आपल्या हाती घेतलं.

त्याने बाजारातून काचेच्या बाटल्या आणल्या. चौकोनी, उंच मानेच्या, दिसायला देखण्या. शोभेच्या वस्तूंच्या दुकानातल्या. त्यांची काच पातळ आहे हे त्याला दिसत होतं. चौकोनी बाटली आतला दाब गोल बाटलीइतका सोसत नाही, हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. त्याने साखर मापापेक्षा जास्त घातली. बाटल्या चुलीजवळच्या फळीवर, उबेला ठेवल्या. वर्धापनदिनी झाकण उघडताच फेसाचा असा फवारा उडाला पाहिजे की बघणारा बघतच राहील... एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

आदल्या संध्याकाळी दुमिंगदादा फळीपाशी उभे राहिले.

“अंतोन, झाकणं जरा सैल करू का रे?”

“हात लावू नका दादा. वारा गेला की पुन्हा तुमचा काढाच होईल.”

दादा हसले, आणि त्यांनी हात लावला नाही.

सकाळी ते चहाचं आधण ठेवायला चुलीपाशी गेले तेव्हा पहिली बाटली फुटली. तिच्या तुकड्यांनी शेजारच्या फुटल्या. आवाज ऐकून अंतोन धावत आला तेव्हा दादा भिंतीला टेकून खाली बसले होते. चेहऱ्यावर दोन्ही हात. बोटांमधून रक्त आणि आल्याचं गोड पाणी एकत्र ओघळत होतं.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं हे?”

अंतोन पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने तोंड उघडलं.

त्याआधी दादाच बोलले. “माझा धक्का लागला, डॉक्टर. बाटली पडली.”

अंतोनने तोंड मिटलं.

डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. दादांचा उजवा डोळा वाचला, पण त्यात नजर राहिली नाही. उजेड आणि अंधार यांतला फरक कळेल, त्यापलीकडे काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादा घरी आले. खालच्या वाड्यांत बातमी पसरली ती अशी, की दुमिंगदादांचा धक्का लागून बाटल्या फुटल्या. वय झालं बिचाऱ्यांचं. होतं असं.

आणि आता अंतोन पिशवी घेऊन पडवीत उभा होता.

“मग मला काही प्रायश्चित्त तरी सांगा,” तो म्हणाला. “मी उपास करतो. नाताळपर्यंत एक वेळ जेवतो.”

“तू जेवला नाहीस तर दुमिंगला दिसायला लागेल?”

“...मौन धरतो.”

फादरांची बोटं थांबली. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं.

“इस्पितळात धरलंस, ते पुरे नाही झालं?”

म्हणजे फादरांना ठाऊक होतं. कोणी सांगितलं? दादांनी? दादा सांगणार नाहीत...

“तुम्हाला कोणी...”

“दुमिंग अंधारात चालला तरी झोपलेल्या मांजरावर पाय पडू देत नाही. त्याचा धक्का लागला म्हणे!” फादरांनी पुन्हा वाल हातात घेतले. “वाडीतल्या बाया परवा येतायत. त्यांना नाताळसाठी जिंजर बिअर करायला शिकायची आहे. दुमिंगला एवढ्यात चुलीपाशी उभं राहता यायचं नाही. तू शिकव.”

“मी?”

“तुला येते ना?”

“फादर, आल्याचा वास आला तरी मला... मी त्या वस्तूला पुन्हा हात लावणार नाही असं ठरवलंय.”

“आलं तुझ्यावर रागावलेलं नाही, अंतोन.”

शेवटी अंतोनने पिशवी खाली ठेवली, कारण खांदा दुखायला लागला होता.

*

बायका आल्या. पडवीत चटया टाकल्या होत्या. पुढेच एलिझाबाय बसली होती. वाडीतली मोठी बाई. भरल्या घराची, मोठ्या आवाजाची. तिच्या हातचं जेवल्याशिवाय वाडीतलं लग्न पार पडत नसे.

दुमिंगदादा कोपऱ्यात बसून आलं किसत होते. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. घरी आल्यापासून अंतोनने त्या पट्टीकडे नीट पाहिलं नव्हतं. दादांशी बोलताना तो त्यांच्या खांद्याकडे बघून बोलायचा.

त्याने शिकवायला सुरुवात केली. आवाज आधी बसका होता, मग सुटला. काम माणसाला सावरतं.

“आधी विरजण करायचं. दह्याला लागतं तसं यालाही. स्वच्छ बरणीत किसलेलं आलं, साखर, पाणी. वर फडकं बांधा, घट्ट झाकण नको. रोज थोडं आलं, थोडी साखर घालत राहा. वर बुडबुडे यायला लागले आणि वास छान आंबूस आला की झालं. बुरशी दिसली, घाण वास आला, तर जीव अडकवू नका. फेकून द्या.”

“मग?”

“मग आलं साखरपाण्यात उकळायचं. गाळायचं. पूर्ण कोमट होऊ द्यायचं. गरम पाण्यात विरजण घातलंत तर मरून जाईल. लिंबू पिळा, विरजण घाला, बाटल्या भरा. गळ्यापर्यंत भरायच्या नाहीत, वर जागा सोडायची. आतली साखर खाऊन ते विरजण वारा सोडतं, त्या वाऱ्याला जागा लागते.”

त्याने सगळं सांगितलं. साखर मापाने घाला. उबेला ठेवू नका. रोज बाटली दाबून बघा. दगडासारखी लागली की झाकण हळूहळू सैल करा, तोंड बाजूला ठेवून. झाली की लगेच फ्रिजमध्ये, कारण थंडीत विरजण झोपतं. फार दिवस ठेवाल तर चढायला लागेल, मग पोरांना देऊ नका.

एका शब्दाची चूक नव्हती त्यात. बाया कौतुकाने ऐकत होत्या. आणि आपल्याला बरं वाटतंय हे अंतोनच्या लक्षात आलं, तशी त्याला स्वतःची किळस आली.

“आणि बाटल्या प्लास्टिकच्याच घ्या,” तो म्हणाला. “दाबून कळतं.”

“का हो ब्रदर?” एलिझाबाय म्हणाली. “काचेच्या दिसायला किती छान. तुम्ही त्या आणल्या होत्या, मी बघितल्या ना आदल्या दिवशी! चौकोनी.”

“काच... काचेचं जरा...”

“धक्का लागला की फुटते, म्हणून?”

कोपऱ्यातली किसणीची खसखस थांबली.

“होय ना,” दुमिंगदादा म्हणाले. “माझाच धक्का लागला.”

बायांनी चुकचुक केली. कोणीतरी म्हणालं, “जाऊ द्या दादा, मुद्दाम का करतं कोणी.”

अंतोन सगळ्यांच्या समोर उभा होता. एक वाक्य. एकच वाक्य बोलायचं होतं. त्याने समोर बघितलं तर सगळ्या बाया त्याच्याकडे आदराने बघत होत्या. दाराशी फादर उभे होते, आणि ते अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते.

“तर,” अंतोन म्हणाला, “आता आपण लिंबं पिळून घेऊ.”

किसणी पुन्हा सुरू झाली.

बाया गेल्यावर तो विहिरीवर गेला आणि उगाचच बादल्या काढत राहिला. काढायचा, ओतून द्यायचा. पहिल्यांदा तो नुसता गप्प बसला होता. घाबरलेला होता, समोर रक्त होतं, त्याला काही सबब तरी होती. आज रक्त नव्हतं. आज त्याने नीट विचार करून गप्प बसणं निवडलं होतं. आणि ज्या माणसाचा डोळा गेला त्याला पुन्हा एकदा आपल्यासाठी खोटं बोलायला लावलं होतं.

रात्री जेवताना दादांनी त्याच्या ताटात न विचारता मासळीचा मोठा तुकडा वाढला.

*

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळची मिस्साची प्रार्थना संपली. माणसं अंगणात घोळक्याने उभी होती. फादर आत कपडे बदलत होते. एलिझाबाय लगबगीने अंतोनकडे आली.

“ब्रदर! माझी जिंजर बिअर काय झालीय म्हणून सांगू! आतून नुसती उकळतेय. बघत राहावं असं वाटतं.”

“वा. झाकणं सैल करता ना?”

“कशाला? वारा जाईल ना सगळा. बघून कळतं की, काच आहे.”

अंतोनला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. “काच?”

“तुमच्यासारख्याच आणल्या. चौकोनी. पोरगा म्हणत होता प्लास्टिक घे. म्हटलं, दुमिंगदादांसारखा आपल्याकडे कोण धक्का लावतोय? भिंतीतल्या खोल फळीवर ठेवल्यात. खाली नात बसलेली असते दिवसभर, नाताळचा तारा करत. तिलाच राखणीला बसवलंय. म्हटलं, कोणाला जवळ येऊ देऊ नकोस.”

ती हसली.

“एलिझाबाय, त्या काढा. आत्ता. काच नको.”

“अहो, सांभाळून ठेवल्यात म्हणते ना. धक्का नाही लागायचा.”

“धक्क्याचा प्रश्न नाही...”

“मग कशाचा?”

आजूबाजूचे चार लोक वळले. नेहमीची माणसं. कोणी केळीच्या वाडीवाला, कोणी शाळेतला मास्तर, कोणी गायनवृंदातली मुलगी. अजूनही एक वाट होती, आणि ती अंतोनला स्वच्छ दिसली. काचेचं काहीतरी शास्त्र सांगायचं. नवीन संशोधन म्हणायचं. तो हुशार होता, लोकांनी मानलं असतं.

ती वाट दिसली याचीच त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

“धक्का लागलाच नव्हता,” तो म्हणाला.

“काय?”

“दुमिंगदादांचा धक्का लागला नव्हता. त्यांनी बाटल्यांना हातसुद्धा लावला नाही. ते झाकणं सैल करतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. साखर मी जास्त घातली. काच पातळ आहे हे मला माहीत होतं. फुटू शकते हेही माहीत होतं. मला...” त्याचा आवाज फाटला. “मला फेस हवा होता. बाटल्या आपोआप फुटल्या. तुमच्याही फुटतील. चला!”

एलिझाबायच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती पदर खोचून धावत सुटली. तिच्या मागे अंतोन. त्यांच्या मागे निम्मं अंगण.

डोंगर उतरून वाडीत पोचेपर्यंत तो मनात एकच गोष्ट घोकत होता. ती मुलगी कुठेतरी खेळायला गेलेली असू दे.

ती गेलेली नव्हती. फळीखाली जमिनीवर पाय पसरून बसली होती, भोवती रंगीत कागद, हाताला खळ लागलेली. घामाघूम झालेल्या आजीला बघून ती शहाण्यासारखं म्हणाली, “मी कोणालाच जवळ येऊ दिलं नाही गं.”

“इकडे ये. पळ, बाहेर!”

अंतोनने सगळ्यांना अंगणात काढलं. एलिझाबायच्या मुलाचं मोटरसायकलचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, काच खाली ओढली. घरातली जाड गोधडी मागून घेतली आणि ती हातात पसरून, अंग चोरत, फळीवरच्या बाटल्यांवर टाकली. मग फ्रिजमधलं बर्फाचं पाणी मागवून गोधडीवर ओतलं, आणि भिंतीच्या आडोशाला उभा राहिला. थंडीने दाब उतरतो. थांबायला हवं होतं.

नुसतं पाणी फळीवरून ठिबकत होतं, खालच्या तांबड्या कागदाच्या ताऱ्यावर.

आणि मग गोधडीखाली धप्पकन आवाज झाला. गोधडी एखाद्या जनावरासारखी उसळली आणि पुन्हा बसली. खालून फेस ओघळू लागला.

अंगणात एलिझाबायने नातीला इतकं घट्ट धरलं की ती पोर रडायला लागली.

अंतोन पुष्कळ वेळ थांबला. मग उरलेल्या बाटल्यांची झाकणं त्याने ओल्या गोधडीखालूनच, एकेक करून, केसाकेसाने सैल केली. प्रत्येक बाटली लांब उसासा टाकून निवली. शेवटची निवल्यावर त्याने हेल्मेट काढलं. आत त्याचा चेहरा भिजला होता.

एलिझाबाय दारात उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं. काही दिवसांपूर्वी त्या डोळ्यांत आदर होता.

“तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “मी विचारलं होतं तुम्हाला. सगळ्यांच्या देखत विचारलं होतं.”

“हो.”

“माझी नात होती तिथे.”

“हो.”

ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. गोधडी उचलून ती काचा वेचायला बसली, आणि अंतोन मदतीला वाकला तेव्हा म्हणाली, “राहू द्या. आमचं आम्ही करू.”

*

तो परत वर आला तेव्हा उन्हं कलली होती. सदरा साखरेच्या पाण्याने अंगाला चिकटला होता. पडवीत फादर आणि दुमिंगदादा बसले होते, पुढ्यात अर्धवट सोललेले वाल. बातमी त्याच्या आधी चढून आली होती, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

अंतोन दादांच्या पायांशी बसला.

“दादा, मी सांगितलं. सगळ्यांना सांगितलं.”

दादा हसले नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले नाहीत.

“मला विचारलंस?”

“...काय?”

“मी इस्पितळात खोटं बोललो. पडवीत बोललो. बायांच्या तोंडावर बोललो. आता खाली सगळे म्हणणार, दुमिंग लबाड. मिस्साला घंटा वाजवतो आणि खोटं बोलतो.” त्यांचा आवाज कापला. “मला वाटलं होतं, तुला वाचवतोय. त्या पोरीचं काही झालं असतं तर? माझ्याच खोट्यामुळे झालं असतं ना रे?”

हे अंतोनच्या ध्यानीमनी नव्हतं. आपली लाज आपल्यापुरती आहे, फार तर ती सांगून टाकली की संपेल, असं त्याने डोंगर चढताना धरलं होतं. ती या म्हाताऱ्या माणसाच्याही अंगावर उडाली होती, आणि तिला पुसायला काही फडकं नव्हतं.

तो फादरांकडे वळला. त्याला एकदम राग आला. कोणावर तरी येणं भाग होतं.

“तुम्हाला ठाऊक होतं, फादर. सगळं ठाऊक होतं. तुम्ही का नाही बोललात?”

“तुझ्या तोंडचं मी कसं बोलणार?”

“पण ती मुलगी...”

फादर अंगणाकडे बघत राहिले. नेहमी असे ते गप्प झाले की त्यांच्या मनात काहीतरी शिकवण तयार होतेय असं अंतोनला वाटायचं. आज तसं वाटलं नाही.

“ती मला सुचली नाही,” ते शेवटी म्हणाले. “मी तुझीच वाट बघत बसलो. वाट बघणं म्हणजे शहाणपण, असं मला वाटत होतं... मी दुपारी जेवलो नाही, अंतोन. बोलून दाखवण्यासारखं नाही ते. पण घास उतरला नाही.”

तिघं बसून राहिले. खालच्या वाड्यांतून कोणाच्या तरी रेडिओचा आवाज आला आणि विरला. कोंबड्या खुराड्याकडे वळल्या. तिघांपैकी कोणालाच दुसऱ्याकडे बघवत नव्हतं, आणि तरी कोणी उठत नव्हतं.

“मला काहीतरी सांगा, फादर,” अंतोन म्हणाला. आता त्यात हट्ट नव्हता. “उपास नको, मौन नको. जे असेल ते सांगा. मला करायला काहीतरी हवंय.”

फादर उठले. आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत औषधाची इवलीशी कुपी होती. ती त्यांनी अंतोनच्या तळहातावर ठेवली.

“संध्याकाळचे थेंब राहिलेत.”

दादांनी मान मागे टेकली. स्वतःच्या हाताने पट्टी सोडली.

अंतोनने पहिल्यांदा तो डोळा बघितला. पापणीवर टाक्यांची लाल रेघ होती. आतलं बुबुळ दुधाळ झालं होतं, पहाटेच्या धुक्यासारखं, आणि ते कुठेच बघत नव्हतं. दुसरा डोळा मात्र त्याच्याकडे बघत होता. त्यात राग होता. राग होता, आणि तरी दादा मान मागे टाकून त्याच्यापुढे बसले होते.

त्याने कुपीचं टोपण काढलं. पापणी उघडायला बोट पुढे नेलं, आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं. कुपी हवेत हलत होती. एक थेंब दादांच्या गालावर पडून कानाकडे ओघळला.

“तुम्हीच घाला, फादर,” तो म्हणाला. “माझा हात थरथरतोय...”

गास्पार फादर खाली बसले. अर्धे राहिलेले वाल त्यांनी पुढे ओढले.

“थरथरू दे. थेंब डोळ्यात पाड.”